नातू शाळेत जात नाही, आणि कारण सगळ्यांना माहीत आहे

स. न. वि. वि.

मी सहासष्ट वर्षांची निवृत्त शिक्षिका. चौतीस वर्षं म्युनिसिपल मराठी शाळेत शिकवलं. बडोद्यात दांडिया बाजारात आमचं जुनं घर आहे. मुलगा मकरपुरा जीआयडीसीत नोकरीला, सून घरी बसून दोन-तीन दुकानांचे हिशेब लिहिते. नातू साडेआठ वर्षांचा. दिवाळीनंतर दोघांनी ठरवून त्याला तिसरीतून काढलं. दुसऱ्या शाळेत घालायला नव्हे, घरीच शिकवणार म्हणतात. मला विचारलं नाही, नुसतं सांगितलं.

लोकांना तोंड देता देता जीव मेटाकुटीला आलाय. धाकटी जाऊ म्हणते, सुनेला सकाळच्या डब्याचा कंटाळा. शेजारच्या बेन म्हणतात, मुलगा कच्चा असणार, नापास व्हायच्या आधीच काढला. न्यू जर्सीचा भाचा म्हणतो, हे तिकडच्या कट्टर धार्मिक लोकांचं लोण आहे. दीर म्हणतात, पैसा बोलतोय. भिशीत एकीने विचारलं, "काही आजार आहे का हो त्याला?" आणि माझ्या तोंडून "हो, जरा अशक्तपणा आहे" असं निघून गेलं. मला विचाराल तर सुनेच्या डोक्यातलं खूळ आहे हे.

परवा साडेअकरा वाजता हा गॅलरीत फतकल मारून जुना टेबलफॅन उघडून बसला होता. खालून भाजीवाल्याने हाक मारली, "बा, आजे निशाळमां रजा छे?" (आज शाळेला सुट्टी का?) मेल्याहून मेल्यासारखं झालं. सून बँकेत गेल्यावर मी त्याला सतराचा पाढा म्हणायला लावला. येत नाही. सतरा आठे विचारलं तर म्हणतो, दहा आठे ऐंशी, सात आठे छप्पन, म्हणजे एकशे छत्तीस. पाढा नाही म्हणजे नाहीच.

ज्या गावात सयाजीराव महाराजांनी शाळा सक्तीची केली त्या गावात एका शिक्षिकेचा नातू शाळेबाहेर! मेमध्ये पुतणीचं लग्न आहे. सगळं गोत जमणार. तेव्हाही अशक्तपणाच सांगू का? आणि मुलाला कसं समजावू?

— एक आजी, दांडिया बाजार

*

बाई,

चौतीस वर्षं सगळा वर्ग ज्यांना बाई म्हणत होता त्यांना मी दुसरं काय म्हणणार!

तुमच्या पत्रात कारणांची कमतरता नाही. जाऊबाईंनी एक दिलं, बेननी एक, भाच्याने साता समुद्रापलीकडून एक, दिरांनी एक, भिशीतल्या बाईंनी एक, वर तुमचं स्वतःचं एक. फक्त मुलाने आणि सुनेने काय कारण सांगितलं ते कुठे नाही. मी पत्र दोनदा वाचलं, मागची बाजूही पाहिली. "मला विचारलं नाही, नुसतं सांगितलं" असं तुम्ही लिहिता. पण मग काय सांगितलं? की त्या दिवशी "शाळेतून काढलं" एवढं कानावर पडलं आणि पुढचं ऐकूच आलं नाही? तसं झालं असेल तर मला नवल वाटणार नाही. आयुष्यभर जे काम केलं त्याची आपल्याच घरात गरज उरली नाही, असं कुणी तोंडावर म्हटल्यासारखं ते लागलं असणार. तो घाव खरा आहे, त्यावर मी फुंकर घालत बसत नाही. पण त्याचं बिल सुनेच्या नावावर का फाडलंत? निर्णय दोघांनी घेतला हे तुम्हीच पहिल्या परिच्छेदात लिहिलंय आणि दुसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी डोकं तिचं एकटीचं झालं.

आधी तातडीचं. लग्नात अशक्तपणा सांगू नका. रावपुऱ्यात कुणी शिंकलं की वाडीत "शतायुषी हो" म्हणणारं आपलं हे मराठी बडोदं. मेमध्ये सांगितलेला अशक्तपणा गणपतीपर्यंत रक्ताचा आजार होतो आणि नवरात्रापर्यंत आणखी काही. नातू तुमच्या शेजारीच उभा असणार. आजी आपल्याबद्दल खोटं सांगते, म्हणजे आपल्यात काहीतरी लपवण्यासारखं आहे, एवढं साडेआठ वर्षांच्या पोराला बरोबर कळतं. भिशीतल्या बाईंना पुढच्या वेळी सरळ सांगून टाका, "त्या दिवशी मी गडबडीत बोलले, तो ठणठणीत आहे, घरी शिकतो." लग्नातही तेवढंच. "का?" असं कुणी विचारलं तर "ते त्याच्या आईबाबांना विचारा, ते पलीकडे बसलेत" म्हणायचं आणि श्रीखंड वाढायला लागायचं. दहातले नऊ जण उठून विचारायला जात नाहीत. त्यांना कारण नकोच असतं. ते त्यांच्याकडे तयार असतं, तुमच्याकडून फक्त होकार हवा असतो.

आता ती तयार कारणं. डब्याचं पहिलं घेते, कारण त्यात बाईमाणसाला एका फटक्यात आळशी ठरवायची सोय आहे. मूल शाळेत गेलं की सकाळी एक डबा आणि मग दुपारपर्यंत घर शांत. मूल घरी असलं की साडेदहाला "काय खाऊ", बाराला "काय खाऊ", साडेतीनला पुन्हा तेच. मध्ये त्याने टाकलेले रंग पुसा, त्याच्या प्रश्नांना उत्तरं द्या आणि त्यातच दुकानदाराचा जीएसटीचा फोन घ्या. आळशी बाईने हा उद्योग कशाला केला असता! शाळेची रिक्षा दारात येते, पोराला बसवायचं आणि पुन्हा अंथरुणात शिरायचं, हा त्याहून किती सोपा मार्ग आहे. जाऊबाईंना विचारा, त्यांनी किती वर्षं केलं ते. (नका विचारू. लग्न तोंडावर आहे.)

"मुलगा कच्चा असणार" याला मात्र झटकून टाकता येत नाही, कारण कधीकधी ते अर्धं खरं असतं. वाचताना अक्षरं उलटसुलट दिसणारं मूल, एका जागी वीस मिनिटंही न बसणारं मूल, बोलताना अडखळणारं आणि म्हणून हसं होणारं मूल, अशा मुलांचे आईबाप कित्येकदा शाळाशाळांचे उंबरे झिजवून, शेवटी दमून घरी शिकवायला लागतात. त्यात मुलाची काय किंवा आईबापांची काय, लाज कसली? तुमच्याही वर्गात अशी पोरं असतील. पन्नासांच्या वर्गात त्यांच्यासाठी तुम्हाला दिवसाची किती मिनिटं मिळायची, ते तुम्हीच आठवा. याच्या बरोबर उलटा समजही तितकाच जोरात असतो. घरी शिकणारं मूल म्हणजे अलौकिक बुद्धीचं. बारावीचं प्रमाणपत्र हातात नसताना मुंबईची एक मुलगी संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधल्या पदकांच्या बळावर २०१६ साली अमेरिकेच्या एमआयटीत गेली. ती बातमी अजून कौटुंबिक ग्रुपवर फिरते. कुणी तुम्हाला विनोबांचाही दाखला देईल. तेही बडोद्यात वाढले, इथेच त्यांनी आईच्या देखत आपली प्रमाणपत्रं चुलीत घातली आणि १९१६ च्या मार्चमध्ये इंटरच्या परीक्षेला म्हणून मुंबईच्या गाडीत बसले ते सुरतेला उतरून काशीला गेले. गोष्ट खरी आहे, पण कृपा करून तुमच्या नातवाला ऐकवू नका. शाळा सोडली म्हणजे आता विनोबा व्हायला हवं किंवा एमआयटीत जायला हवं, हे ओझं कुणाच्या दप्तरात बसेल? बहुतेक घरी शिकणारी मुलं साधी असतात. कुणाला गणित आवडतं, कुणाला नुसतं झोपायला.

पैशाबद्दल दीर म्हणतात त्यात एवढं तथ्य आहे की एका माणसाने पूर्ण वेळ बाहेरची नोकरी न करता घर चालायला हवं. तुमच्याकडे ते सुनेच्या घरबसल्या कामावर आणि मुलाच्या पगारावर चालतंय, गडगंज म्हणून नव्हे. उलट खासगी शाळेची फी, रिक्षा, ट्यूशन, गणवेश, सहल असा दर वर्षीचा हिशेब मांडून बघा. तो मांडूनच काही घरं या वाटेला लागली आहेत.

न्यू जर्सीच्या भाच्याचं म्हणणं तो जिथे राहतो तिथलं आहे, आणि तिथेही अर्धंच लागू आहे. अमेरिकेत १९८० च्या दशकात ख्रिस्ती कुटुंबांमुळे हे वाढलं हे खरं, आणि १९९३ पर्यंत पन्नासही राज्यांत ते कायदेशीर झालं. पण त्याआधी १९७० च्या दशकात याच्या बाजूने लिहिणाऱ्यांत जॉन होल्ट होते. ते स्वतः शाळामास्तर होते आणि त्यांच्या बोलण्यात धर्माचा संबंध नव्हता, मुलं शाळेत भीतीपोटी शिकायचं विसरतात एवढंच त्यांचं म्हणणं होतं. २०१९ च्या तिथल्या सरकारी पाहणीतही शाळेतल्या वातावरणाची काळजी हे कारण सांगणारे पालक धर्म-नीतीचं शिक्षण हे कारण सांगणाऱ्यांपेक्षा जास्त निघाले. एकच कुटुंब तीन-चार कारणं सांगतं हे त्यातून दिसलंच. जर्मनीत तर घरी शिकवायला बंदीच आहे. भाचा कधी तिकडे बदलून गेला तर तिथलं लोण आपल्याला कळवेल. दांडिया बाजारातल्या तुमच्या मुलाने अमेरिकेत कोण काय करतं ते बघून निर्णय घेतला असेल, असं मला वाटत नाही.

मग लोक हे करतात तरी का? माझ्याकडे या विषयावर पत्रं येत असतात, समोर बसून बोललेली घरंही आहेत. त्यावरून सांगते: कारण बहुधा अगदी घरगुती असतं, आणि एकटं नसतं. बापाची दर दोन वर्षांनी बदली, प्रत्येक राज्यात नवं बोर्ड आणि नवी भाषा. पहाटे तलावावर जाणारी आणि साडेआठला वर्गात पेंगणारी पोहणारी मुलगी. दम्याचं मूल. वर्गात कुणीतरी सतत चिडवणारं आणि बाईंना सांगून काही न होणारं. कुणाला मूल घरातल्या भाषेत वाचायला लागावं असं वाटतं आणि जवळची मराठी शाळा बंद झालेली असते. मार्च २०२० नंतर तर निराळीच गंमत झाली. शाळा घरातल्या फोनवर आली आणि आपलं मूल दिवसभर काय ऐकतं, किती वेळा गप्प बसतं, ते आईबापांनी पहिल्यांदा कानांनी ऐकलं. शाळा उघडल्यावर बहुतेकांनी सुटकेचा निःश्वास टाकून पोरांना परत धाडलं. काहींनी नाही धाडलं. आणि हो, अहंकारापोटी करणारेही असतात. "आमच्या मुलाच्या लायकीची शाळाच नाही" म्हणणारे मी पाहिले आहेत, दहा मिनिटांत ओळखू येतात. तुमच्या पत्रातला मुलगा आणि सून मला तसे वाटले नाहीत, पण मी त्यांना भेटलेले नाही. तुम्ही रोज भेटता. विचारा.

कसं विचारायचं तेही सांगते, कारण "का काढलंत?" असं विचारलंत की समोरचा वकील होतो. त्याऐवजी "शाळेत असताना त्याची सकाळ कशी जायची?" असं विचारा. मला शंका आहे की त्यात पोटदुखी निघेल, किंवा रात्री अंथरूण ओलं होणं, किंवा डबा न खाता परत येणं. सकाळी तुम्ही देवपूजेत असाल, रिक्षात बसताना त्याचा चेहरा कसा असायचा ते तुम्ही कदाचित पाहिलंच नसेल. माझी शंका खोटी ठरली तरी हरकत नाही. निदान त्यांचं कारण त्यांच्या तोंडून मिळेल.

महाराजांचं आता. तुम्ही तो बाण काढलात म्हणून मीही भाता उघडते. सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली भागात आणि मग १९०६ साली साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या बापाला दंड ठेवला, आणि पुढे गोखल्यांनी तसाच कायदा साऱ्या देशासाठी मागितला तेव्हा बडोद्याचं उदाहरण समोर होतं. आपल्याला याचा अभिमान आहे आणि असायलाच हवा. पण ती सक्ती कुणावर होती? पोराला गुरं राखायला नि पोरीला लहान भावंडं सांभाळायला घरी ठेवणाऱ्या, अक्षराशी संबंध न येऊ देणाऱ्या घरांवर. आणि खुद्द महाराज? नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा, १८७५ साली दत्तक येईपर्यंत, म्हणजे बारा वर्षांचा होईपर्यंत, धड अक्षरओळख नाही. मग राजवाड्यातच, इलियट नावाच्या इंग्रज शिक्षकाच्या हाताखाली, आणखी मोजक्या मुलांबरोबर त्यांचं शिक्षण झालं आणि सहा वर्षांत कारभार हाती घेण्याइतके ते तयार झाले. राजवाडा नि इंग्रज शिक्षक तुमच्या घरात नाहीत, हे मलाही कळतं. म्हणून ही तुलना मी ताणत नाही. एवढंच की "महाराजांना काय वाटलं असतं" हा मुद्दा तुम्हाला वाटतो तितका तुमच्या बाजूचा नाही. त्याच महाराजांनी १९१० साली मांडवीजवळ मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं आणि खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या, तेही शाळेच्या भिंतीबाहेरच्यांसाठीच. नातवाला तिथे घेऊन जायचं काम तुमच्याइतकं चांगलं कोण करेल?

तुमच्या खऱ्या काळज्या दोन आहेत, त्या समजांच्या ढिगाखाली दबल्या आहेत. कायदा आणि सर्टिफिकेट. त्यांची उत्तरं नीट देते.

शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शेजारच्या शाळेत फुकट शिकण्याचा हक्क आहे आणि त्याला शाळेत दाखल करणं हे कलम १० प्रमाणे आईबापांचं कर्तव्य आहे. पण ते न केलं तर शिक्षा काय, हे या कायद्यात लिहिलेलं नाही. महाराजांचा दंड इथे नाही. घरी शिकवण्याचा तर उल्लेखच नाही, ना परवानगी ना बंदी. त्यामुळे "पोलीस येतील" हे खोटं आणि "सरकारची मान्यता आहे" हेही खोटं. मुलाला पुन्हा शाळेत घालावंसं वाटलं तर कलम ४ प्रमाणे त्याला वयाच्या इयत्तेत घ्यायचं असतं, मधली वर्षं राहिली म्हणून पहिलीत बसवायचं नसतं. म्हणजे दार बंद झालेलं नाही. जूनमध्ये प्रवेशोत्सवाच्या, म्हणजे सरकारी शाळाप्रवेश मोहिमेच्या आधी सर्वेक्षणाला शिक्षक आले तर लपवाछपवी न करता मुलाच्या वह्या दाखवायच्या. तुम्ही स्वतः त्या उन्हात घरोघर फिरून शाळाबाह्य मुलांची यादी केली असणार. त्या यादीत आपला नातू, हे किती बोचत असेल ते मी समजू शकते. पण त्या यादीतल्या मुलाच्या हातात कपबशा होत्या, पुस्तक नव्हतं. ज्या घरात पोरीला कामाला ठेवून "आम्ही घरीच शिकवतो" म्हणतात, तिथे तुम्ही आजही जाऊन भांडावं. तुमच्या गॅलरीत तसं काही चाललेलं दिसत नाही.

सर्टिफिकेटचं असं: राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, जिला सगळे एनआयओएस म्हणतात, ती केंद्र सरकारची आहे आणि १९८९ पासून चालू आहे. चौदा वर्षं पूर्ण झाली की तिथून दहावीला बसता येतं. किमान पाच विषय, त्यातली एक तरी भाषा हवी, आणि भाषांत मराठी आणि गुजराती दोन्ही आहेत. परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा वर्षातून दोनदा. एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षांत नऊ संधी, जो विषय पास झाला तो सुटला. बारावीही तिथूनच होते, आणि त्या सर्टिफिकेटवर कॉलेजप्रवेश, इंजिनिअरिंगची जेईई आणि आता डॉक्टरकीची नीटही देता येते. विज्ञान घेतलं तर प्रात्यक्षिकं द्यावी लागतात, त्याची तयारी आधीपासून हवी. तुमच्या नातवाला याला अजून साडेपाच वर्षं आहेत. दरम्यान सुनेने एक वही ठेवावी: आज काय वाचलं, काय केलं, काय अडलं. दर मार्चमध्ये तिघांनी बसून ती चाळावी आणि पुढचं वर्ष घरी की शाळेत ते ठरवावं. जन्माचा निर्णय म्हणून घेतला की माणूस हट्टाला पेटतो. वर्षाचा म्हणून घेतला की डोळे उघडे राहतात.

पाढ्याकडे येते. त्याच्यासाठी मी केव्हाची थांबले आहे! बाई, सतरा आठे विचारल्यावर ज्या मुलाने सतराचे दहा आणि सात केले, दोन्हींना आठाने गुणलं आणि मनातल्या मनात बेरीज केली, त्याला गुणाकार म्हणजे काय ते कळलंय. पाठ म्हणणाऱ्याला एकशे छत्तीस येतं, पण मधलाच एक विसरला की गाडी तिथेच अडते. यालाही पाढे पाठ असलेले बरे, वेग येतो, हे मी मान्य करते आणि सुनेलाही सांगा. पण तुमच्या वर्गात एखाद्याने असं उत्तर दिलं असतं तर तुम्ही त्याला फळ्याजवळ बोलावून सगळ्यांना समजावून सांगायला लावलं असतं. नातवाच्या बाबतीत मात्र तेच उत्तर तक्रारीत आलं. टेबलफॅनचंही तसंच. भाजीवाल्याने काय विचारलं ते तुम्ही शब्दन् शब्द लिहिलंत, पंखा शेवटी फिरला की नाही ते नाही लिहिलंत. मला ते वाचायचं होतं.

आणि सून बाहेर गेली की तपासणी घेणं थांबवा. तिला आल्यावर कळतंच, मूल सांगतं. तिने तुम्हाला विश्वासात न घेण्याचं कारण कदाचित तेच असेल.

"मुलं एकलकोंडी होतात" हे तुमच्या पत्रात नाही, पण लग्नात ऐकाल. त्यावर घरी शिकवणारे एक ठराविक उत्तर देतात: वर्गात तरी बोलू कुठे देतात? ते उत्तर मला अपुरं वाटतं. मधल्या सुट्टीत देतात, रिक्षात देतात, आणि मैत्री तिथेच होते. मुलाला रोज तीच तीच मुलं भेटायला हवीत, ज्यांच्याशी कट्टी करून दुसऱ्या दिवशी बट्टी करता येईल. आठवड्यातून एकदा कुठल्या क्लासला नेऊन हे साधत नाही. इथे तुमच्या घराचा पत्ता कामाला येतो. दांडिया बाजारात माणिकरावांचा आखाडा आहे, जुम्मादादा व्यायाम मंदिर. संध्याकाळी रोज पाठवा, मल्लखांबावर घसरून चारचौघांत हसं होऊ दे, पुन्हा चढू दे. गणपतीच्या मंडळात आरास करायला बसू दे. पोळातल्या, म्हणजे गल्लीतल्या पोरांबरोबर क्रिकेट आहेच. हे सगळं असेल तर काळजी सोडा. मात्र मूल दिवसेंदिवस घरातच राहतंय, पाहुणा आला की आत पळतंय, स्क्रीनपुढून हलत नाहीये, किंवा कुणी काही विचारलं की आईबापच उत्तर देतायत, असं दिसलं तर तेव्हा गप्प बसू नका. तेव्हा आपल्या लेकाला बाजूला घेऊन तोंडावर बोला. आजीचा तो अधिकार आहे.

मला खरी काळजी वाटते ती सुनेची. "दोघांनी ठरवलं" आणि मुलगा सकाळी कंपनीत जात असणार तो संध्याकाळीच येत असणार. म्हणजे शाळा चालवते ती, हिशेब लिहिते ती, स्वयंपाकही बहुधा तीच. असं दोन वर्षं चाललं की चांगली चांगली माणसं मुलावर खेकसायला लागतात आणि मग शाळा बरी होती असं मुलालाच वाटतं. मुलाला समजावायचं आहे ना तुम्हाला? मग हे समजवा. रविवार पूर्ण त्याचा आणि रोज रात्रीचा एक तास त्याचा. गणित, विज्ञान, पंखा, जे काय असेल ते. कंपनीत माणूस मशिनवर काम करतो, मुलाला मशिन उघडून दाखवायला त्याच्याहून चांगलं कोण?

तुम्ही स्वतः लगेच शिकवायला सरसावू नका. दिवाळीपासून दुखावलेली शिक्षिका हातात पट्टी घेऊन बसली तर त्या पोराला एक शाळा सुटून दुसरी लागेल. महिनाभर नुसती त्याच्या शेजारी बसा. तो काय करतो ते बघा, मध्ये पडू नका, विचारलं तरच सांगा. मग सुनेला म्हणा, "मराठी मी घेऊ का?" असं विचारा, सांगू नका. ती हो म्हणेल असा माझा अंदाज आहे. मोडी येत असेल तर तीही शिकवा. बडोद्यातल्या जुन्या घरांत मोडीतले कागद सापडतात, आणि मुलांना गुप्त लिपी म्हटलं की वेड लागतं.

आपली,
सल्लागार

ता. क. शाळा सोडल्याचा दाखला घेतलाय का ते मुलाला आजच विचारा. घाईत नाव काढतात आणि एल. सी. शाळेतच राहते, मग दहा वर्षांनी क्लार्क बदललेले, रजिस्टर सापडत नाही. मूळ प्रत घ्या, नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख जन्मदाखल्याशी ताडून बघा, चार झेरॉक्स काढा. लॅमिनेशन करू नका, पुढे कुणाला शिक्का मारायचा असला तर पंचाईत होते.